ताराइविनीचा जड कॉम्प्युटर

इलाइतिया नीरफणसाच्या झाडावरून पडला आणि मनगटाला पट्टी बांधून दवाखान्यातून परत आला, तेव्हा त्याच्या बायकोने, ताराइविनीने, आधी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. काखेकडे पाहिलं. काखेत काही नव्हतं.

"फोटो कुठाय?"

"कसला?"

"हाडाचा."

"आता देत नाहीत. नवीन यंत्र आलंय. फोटो डॉक्टरच्या कॉम्प्युटरात दिसतो आणि तिथेच राहतो."

"म्हणजे हात मोडून घेतलास आणि रिकाम्या हाताने आलास," ताराइविनी म्हणाली आणि आत जाऊन भाताखालचा जाळ कमी केला.

दुसरीकडे कुठे हे बोलणं निर्दय वाटेल, वाइतोलू गावात वाटलं नाही. ताराइविनी झाडाच्या सालीच्या कापडावर नक्षी उठवायची. त्याचे साचे पूर्वी केळीच्या पानातून कापत. तिसऱ्या छापाला पान फाटायचं आणि बाई पुटपुटत नवं तोडायला जायची. मग कुणा शहाणीला हाडांच्या फोटोची फिल्म सापडली. पात्याने स्वच्छ कापली जाते, रंगाने भिजत नाही, धुतली की कोरी. तेव्हापासून गावात कुणाचं काही मोडलं की माणूस आपल्या घरी जायचा आणि फोटो ताराइविनीच्या. कुणाच्या बरगड्यांवर तिने मासे कापले होते, कुणाच्या खांद्यावर तारे. तिची नावाजलेली किनार, खाली लाटा आणि वर पंखे, ती खुद्द इलाइतियाच्या नडगीवर कापलेली होती. तरुणपणी रग्बी खेळताना ती नडगी तीन ठिकाणी मोडली, म्हणून फोटो चांगला लांबलचक मिळाला. या माणसाने लग्नात आणलेली कामाची वस्तू एवढीच, असं ती त्याच्यासमोर सांगायची. तोही खूश होऊन मान हलवायचा.

तर फिल्म बंद झाली. तेवढ्यावर भागलं असतं, जुने साचे होते. पण त्याच महिन्यात पाद्रीबाईंचा निरोप आला.

दरवर्षी चर्चच्या बायकांचा मेळावा भरतो. नऊ गावांच्या अडीचशे बायका एकाच छापाच्या कापडाचे कपडे घालून तीन दिवस बसतात. छाप कुणाचा, यावरून नऊ गावांत जेवढं राजकारण होतं तेवढं राजधानीत, सुव्याला, संसदेतही होत नसेल. बावीस वर्षं छाप ताराइविनीचा होता. मध्ये एकदा, एकदाच, शेजारच्या नामारा गावच्या उनाइसीचा लागला होता, आणि त्या मेळाव्यात ताराइविनीच्या पाठीत तीन दिवस उसण भरली होती. उनाइसी म्हणजे इलाइतियाची सख्खी बहीण. नणंद.

पाद्रीबाईंचा निरोप असा, की यंदा कापड सुव्याच्या कारखान्यात छापायचं. नक्षी कॉम्प्युटरवर काढून महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पाठवावी. सालीवरची चालणार नाही, कागदावरची चालणार नाही. उनाइसीबाईंनी होकार कळवला आहे, त्यांची पुतणी सुव्यात याच कामाला असते. आपल्याला जमणार नसेल तर तसं कळवावं, वाईट वाटून घेऊ नये.

शेवटच्या चार शब्दांनी काम केलं. ताराइविनीचं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे शाळेने आणि तिने एकमेकींचा नाद सोडला. पण 'मला जमत नाही' हे वाक्य तिला कुठल्याच इयत्तेत शिकवलेलं नव्हतं.

"कॉम्प्युटर घ्यायचा," तिने जेवताना जाहीर केलं. मुलगा पलटणीबरोबर परदेशी होता, त्याने पैसे पाठवायचं कबूल केलं. राहता राहिला प्रश्न, कोणता.

सून वीका शाळेत मास्तरीण. ती सासूला नाऊ, म्हणजे आई, म्हणायची. "नाऊ, लॅपटॉप घेऊ. हलका असतो. हवा तिथे घेऊन बसा, ओसरीवर, झाडाखाली. काही तर असे येतात की पडद्यावरच पेनाने काढायचं."

कुंपणापलीकडून शिउपरसाद शिंप्याने मान वर काढली. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, पण ती अडचण त्याला कधीच आली नाही. "बुबू," तो ताराइविनीला इथल्या भाषेत आजी म्हणायचा, "सुनेचं ऐकू नका. शिलाईचं हातमशीन आणि पायमशीन, तोच फरक. हातमशीन दिसायला गोजिरं, पण जन्मभर शिवायचं तर पायमशीन. टेबलावरचा घ्या. पडदा मोठा, डोळे शाबूत. एक भाग बिघडला तर तेवढा बदला. लॅपटॉप बिघडला की त्याची मयत."

गावच्या पुरुषांनी यंगोनाच्या, म्हणजे मुळी कुटून केलेल्या पेयाच्या, वाडग्याभोवती तीन संध्याकाळी हाच विषय लावून धरला. त्यांच्यापैकी एकाकडेही दोन्हींतलं काही नव्हतं, त्यामुळे मतं फार ठाम होती.

ताराइविनी सगळ्यांचं ऐकत होती आणि मनात भलतंच घोळवत होती. ती घोळवत होती केरेकेरे.

नात्यातलं माणूस दाराशी, खालच्या अंगाला येऊन बसलं, खाली बघून 'केरेकेरे' म्हणालं आणि वस्तूचं नाव घेतलं, की ती द्यायची. नाही म्हणायचं नसतं. परत कधी आणशील, हेही विचारायचं नसतं. आणि वाइतोलूत नात्यातला नाही असा एकटा शिउपरसाद. या रीतीने ताराइविनीच्या घरून आजवर गवत कापायचं यंत्र, ढकलगाडी, दोन मोठी पातेली, एक दार (दारच, बिजागऱ्यांसकट) आणि इलाइतियाचा चर्चचा कोट गेला होता. कोट दर रविवारी समोरच्या बाकावर भेटायचा. ताराइविनीने कधी कपाळाला आठी घातली नाही. तिची ऐटच ती होती. तिचं घर देणारं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने स्वतः कुणाच्या दाराशी बसून तो शब्द तोंडातून काढला नव्हता, उनाइसीच्या दाराशी तर नाहीच.

"लॅपटॉपला पिशवी असते?" तिने वीकाला विचारलं.

"असते की. छान खांद्याला लावायची."

"मग नको. पिशवी असली की वस्तू निघायच्या तयारीतच बसलेली असते."

सिंगातोका शहरातल्या दुकानात टाय लावलेला एक तरुण विक्रेता पुढे आला. "मॅडम, कशासाठी हवाय?"

"नक्षीसाठी."

त्याने आकडे सुरू केले. ताराइविनीने प्रवचन संपू द्यावं तसं ते संपू दिलं. मग हातातली पर्स सुनेकडे दिली, पाय रोवले आणि समोरचा डबा दोन्ही हातांनी उचलला.

"हा हलका आहे."

"हो ना मॅडम, नवीन मॉडेल, एकदम..."

"याहून जड दाखव."

विक्रेत्याने वीकाकडे पाहिलं. वीकाने छताकडे पाहिलं. ताराइविनी एकेक डबा उचलत, नाक मुरडून खाली ठेवत पुढे सरकली. "असा दाखव, की एका माणसाने उचलला तर कंबर धरून बसावं."

"मॅडम, चोरीची भीती आहे का?"

"चोर परवडला. चोराला नाही म्हणता येतं."

शेवटी बर्फाच्या पेटीएवढा काळा डबा, खिडकीएवढा पडदा आणि वीज गेली तरी कॉम्प्युटर जागा ठेवणारी एक बॅटरी घेतली. बॅटरी काय करते ते विक्रेत्याने दोनदा समजावलं. ताराइविनीने ती निव्वळ धोंड्यासारखी जड आहे म्हणून घेतली. घरी वेसीच्या लाकडाचं टेबल होतं, लग्नापासून जागचं न हललेलं. इलाइतियाने सगळं त्यावर ठेवून नारळाच्या दोरीने करकचून बांधलं, एका हाताने आणि दातांनी. ताराइविनी लांब उभी राहून बघत राहिली. आता या बाई आणि म्हणा केरेकेरे.

पण टेबलाजवळ सॉकेट नव्हतं. सॉकेटला फॉर्म लागतो. वीज कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "वापर घरगुती की धंद्याचा?"

"चर्चचा," ताराइविनी खरं तेच बोलली.

"मग पाद्रींचं पत्र आणा."

पाद्री लौटोकाला गेलेले. ते आले, पत्र दिलं, तर कारकून म्हणाला, पत्र चर्चचं आणि सॉकेट घरात, हे बसत नाही. तेव्हा ताराइविनी समोरच्या बाकावर बसली आणि टोपलीतून विणायची चटई काढली. वीतभर चटई विणून होईपर्यंत ते बसलं. पण त्यात अकरा दिवस गेले. मग गावकारभारी सेफानाइया येऊन म्हणाला, एवढी मोठी वस्तू गावात येते तर यंगोना झाला पाहिजे. यंगोना झाला, म्हणजे जे कुणी राहिले होते त्यांनाही कळलं.

आणि मग ताराइविनीला आपल्या हुशारीतलं भोक दिसलं. वस्तू नेता येत नाही म्हटल्यावर लोक बसणं मागायला लागले.

"केरेकेरे, जरा खुर्ची," म्हणून लोसेना आत्या आली, तिला ब्रिस्बेनच्या मुलाचं तोंड बघायचं होतं. मुलाचं तोंड पावणेदोन तास होतं. सेफानाइयाला गावातल्या डुकरांची यादी टाइप करायची होती. तो एका बोटाने करायचा, आणि मध्येच एखादं डुक्कर कुणाचं यावर वाद लागून बाहेर जायचा. शनिवारी रग्बीचा अंतिम सामना. पडदा खिडकीएवढा घेतलेला. खिडकीएवढ्या पडद्यासमोर एकेचाळीस माणसं बसली.

आता घरी आलेल्याला 'खा' म्हणावंच लागतं, आणि म्हटलं की लोक खातात. ज्या बाईने नक्षीसाठी कॉम्प्युटर घेतला ती आठवडाभर स्वयंपाकघरात बसून लिंबाच्या पानांचा चहा उकळत होती आणि पिठाच्या गोळ्या तळत होती. दुपारी तासभर खुर्ची मोकळी मिळाली, तर माऊस तिच्या हातात साबणासारखा पळायचा. जिची रेघ आयुष्यात थरथरली नव्हती, तिची लाट पडद्यावर कसाव्याच्या मुळीसारखी वेडीवाकडी उमटली.

"नाऊ, एवढं दाबू नका. हलक्या हाताने," वीका म्हणाली.

"हलक्या हाताची असते तर तुझा सासरा एवढी वर्षं टिकला असता?"

शुक्रवार दहा दिवसांवर आला, तेव्हा मंगळवारी सकाळी उनाइसी दाराशी येऊन बसली. खालच्या अंगाला, मान खाली, रीतीप्रमाणे. नणंद-भावजया एकमेकींना दाउवे म्हणतात, आणि दाउवेला वाटेल ते बोलायची मुभा असते. ही मुभा दोघींनी कधी वाया घालवली नव्हती.

"पुतणीने घात केला," उनाइसी म्हणाली. "न्यूझीलंडला फळं तोडायला गेली. तेव्हा केरेकेरे, दाउवे. तुझा कॉम्प्युटर."

ताराइविनीच्या पोटात आनंदाचा कढ आला. तो तिने चेहऱ्यावर येऊ दिला नाही. "ने की. मी कधी नाही म्हटलंय? उचलता आला तर खुशाल ने."

"बरं," उनाइसी म्हणाली आणि मान मागे वळवली. "पोरांनो, या."

उनाइसीला चार मुलगे. चौघेही रग्बी खेळणारे, चौघांचे खांदे दारातून तिरके आत येणारे. मामाच्या गावातली हवी ती वस्तू उचलायचा भाच्यांचा हक्क असतो तो वेगळाच. शिवाय या पट्ट्यात वादळ होऊन गेलं की लोक अख्खी घरं खांद्यावर घेऊन हलवतात. हे ताराइविनीला माहीत नव्हतं असं नाही. तिचं स्वतःचं स्वयंपाकघर तसंच ओढ्यापलीकडून आलं होतं, चुलीसकट. पण दुकानात ती जडपणा स्वतःच्या दोन हातांनी तोलत होती. चार भाचे तिने हिशेबात धरलेच नव्हते.

त्यांनी काही सोडलं नाही, काही वेगळं केलं नाही. टेबलाखालून दोन बांबू घातले, दोरी इलाइतियाने घट्ट बांधलीच होती, आणि टेबल, डबा, पडदा, धोंडा सगळं मिळून वर उचललं. टेबलावर लोसेनाचा अर्धा चहा होता, तो हिंदकळलाही नाही. इलाइतियाने, ज्याची बाजू कुठली हे चाळीस वर्षांत ठरलं नव्हतं, दोन्ही दारं उघडून धरली आणि "डावीकडे घ्या, डावीकडे," असा सल्ला दिला.

मिरवणूक ओढ्याच्या वाटेने दिसेनाशी झाली.

"किती शांत झालं," इलाइतिया म्हणाला. ते त्या दोघांमधलं शेवटचं वाक्य ठरलं, कारण पुढे आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या मंगळवारी वीकाने धीर केला. "नाऊ, शुक्रवार तीन दिवसांवर आला. जाऊन मागा."

"काय मागू? माझीच वस्तू?"

"रीत तीच आहे. दिलेली परत हवी तर मागायची."

"म्हणजे मी तिच्या दाराशी बसू. खाली बघून."

"नाहीतर पाद्रीबाईंना कळवू, जमत नाही म्हणून. वाईट वाटून घेऊ नका."

वीका मास्तरीण होती. मुलाला कुठे टोचलं की तो उठतो, हे तिला नोकरीतच शिकायला मिळालं होतं.

कुंपणावरून शिउपरसाद म्हणाला, "बुबू, मी जाऊन मागू का तुमच्या वतीने?"

"तू नात्यातला नाहीस. तुला ती नाही म्हणू शकते, आणि म्हणेल."

बुधवारी सकाळी ताराइविनीने चर्चचा पोशाख चढवला, साच्यांची गुंडाळी चटईत घालून काखेला मारली आणि ओढा ओलांडून नामाराला गेली. वाटेत भेटलेल्या तिघींना तिने आपण होऊन सांगितलं की बाजारात चालले आहे. बाजार उलट्या दिशेला होता.

उनाइसीचं दार उघडं होतं. आत खिडकीएवढ्या पडद्यासमोर ती बसलेली, चष्मा नाकाच्या टोकावर. ताराइविनी दाराशी खालच्या अंगाला बसली. ही जागा तिने आजवर फक्त वरून पाहिली होती. इथून माणसाचे गुडघे आधी दिसतात.

उनाइसीने तिला पाहिलं आणि मुद्दाम पडद्याकडे तोंड वळवलं.

"केरेकेरे," ताराइविनी चटईला म्हणाली.

"काय?"

"ऐकू गेलं तुला."

"वारा आहे गं. परत सांग."

झाडाचं पान हलत नव्हतं. ताराइविनीने मान वर केली. "केरेकेरे, दाउवे. कॉम्प्युटर."

उनाइसीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्याने भागेना म्हणून पुन्हा काढला. "चाळीस वर्षं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, हा शब्द तुझ्या तोंडात बसतच नाही." मग आत बघून हाक मारली, "अगं सुनांनो, मामी आलीय. चहा टाका, आणि ती खुर्ची आणा, उशी असलेली."

चहा आला. ताराइविनीने तो हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं की महिनाभरात दुसऱ्याने केलेला हा पहिला चहा. पाठोपाठ नारळाच्या दुधातली बन-रोटी आली. कुणाला 'खा' म्हणायचं नव्हतं. तिलाच म्हणत होते.

"पोरं मळ्यात आहेत," उनाइसी म्हणाली. "ती आली की टेबल पोचवतील. की इथेच बसतेस?"

"बसते," ताराइविनी घाईघाईने म्हणाली, आणि मग घाई झाकायला, "तू काय दिवे लावलेस ते तरी बघू."

उनाइसीने नामाराच्या रीतीचे गळ काढले होते, मासे धरायचे. त्यांतल्या एकालाही मासा लागला नसता. तिचा हात माऊसवर बरा होता, पुतणीच्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळून बसलेला. पण कुठून कुठे जायचं ते पडद्यावर तिला दिसत नव्हतं. ताराइविनीने दोन घोट चहा घेतला, गुंडाळी सोडली, इलाइतियाची नडगी काढली आणि नीरफणसाच्या चिकाने चारी कोपऱ्यांना पडद्यावर चिकटवली.

मागून उजेड आला. काळ्या फिल्ममध्ये पांढरं हाड तीन ठिकाणी मोडलेलं दिसलं, आणि त्यावर कापलेल्या लाटा-पंख्यांतून स्वच्छ प्रकाश. लॅपटॉपच्या पडद्यावर ही नडगी अर्धीच मावली असती.

"हा तर माझा भाऊ," उनाइसी म्हणाली.

"बावीस वर्षं हाच अंगावर घालून मिरवतेस. आता फिरव तो माऊस. कापाच्या कडेने. हळू. वळ. वळ म्हटलं, मोडलेल्या जागी नाही, पुढे."

"ओरडतेस काय? मागणारी ना तू?"

"मागून झालं. आता सांगतेय."

बुधवारी किनार झाली. गुरुवारी ताराइविनीने उनाइसीच्या गळांचे साचे पडद्यावर धरले आणि उनाइसीने माऊस फिरवला, आणि दिवसभरात दोघींनी मिळून पाद्रीबाईंचे तीन दोष, उनाइसीच्या चारही सुना आणि इलाइतियाचं लहानपण असं सगळं उरकलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर वीका आली. पडद्यावर एकाच पानावर मध्ये गळ होते आणि चारी बाजूंनी लाटा-पंखे.

"यातली पाठवायची कुणाची?" तिने विचारलं. "एकीची काढून टाकावी लागेल."

दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या. खऱ्या खिडकीबाहेर.

"आहे तसं जाऊ दे," ताराइविनी म्हणाली. "फॉर्मवर नणंदेचं नाव आधी घाल. ती वयाने म्हातारी आहे."

मेळाव्याला अडीचशे बायका त्याच कापडात आल्या. उनाइसी सगळ्यांना सांगत होती की नजर आधी मध्यावर जाते. ताराइविनीचं म्हणणं, मेळाव्यात बायका तीन दिवस बसून असतात, आणि बसलेल्या बाईचा दिसतो तो फक्त काठ. पाठीत दोघींच्याही काही भरलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात चारही भाचे बांबू घेऊन विचारायला आले, "मामी, टेबल आणून पोचवू?"

"राहू दे रे," ताराइविनी म्हणाली. "एवढं जड कशाला उचलता. कंबर धरेल."

वीकाने दुकानाचा एक कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यावर लॅपटॉपचं चित्र होतं, पिशवीसकट. ताराइविनीने त्यावर गरम पातेलं ठेवलं.

आता दर बुधवारी ती ओढा ओलांडते. मामीची उशी तिथेच असते. ती दाराशी खालच्या अंगाला बसते आणि तो शब्द म्हणते. उनाइसीला दर बुधवारी वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. ताराइविनी परत म्हणते, जरा मोठ्याने, आणि आत कप वाजायला लागतात.